दोन दिवसांत ‘ऐकणं’ कसं शिकवायचं

वसतिगृहासाठी २१ ‘विद्यार्थी-मित्र’ (सोबतच्या मुलांच्या अडचणी ऐकून घेणारे विद्यार्थी) निवडलेत, त्यांना शिकवायला शनिवार-रविवार हातात आहे, व्याख्यानाला कुणाला बोलवू, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर कुणालाच नको. पहिल्या वर्षी मीही स्लाइड लावून सहानुभूती शिकवली होती. मुलांनी वह्या भरल्या, आणि त्याच आठवड्यात त्यांतल्या एकीने रडणाऱ्या रूममेटला सांगितलं, “अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस!”

पुढे उपयोगी पडली ती मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन आयव्ही यांची मायक्रोकौन्सेलिंगची पद्धत, १९६०च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात तयार झालेली. समुपदेशनाचे छोटे तुकडे पाडायचे आणि एका वेळी एकच घ्यायचा: लक्ष देऊन ऐकणं, मोकळा प्रश्न, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, भावना ओळखणं. आधी करून दाखवायचं, मग पाच मिनिटं त्यांच्याकडून करून घ्यायचं, रेकॉर्डिंग बघायचं आणि पुन्हा करून घ्यायचं. वेळ कमी पडला की नेमकं हे ‘पुन्हा’ गाळलं जातं. ते गाळू नका, त्यापेक्षा तुकडे कमी घ्या. दोन दिवसांत चार खूप झाले.

तिघातिघांचे गट करा: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता बघणारा. बोलणाऱ्याने स्वतःची खरी पण छोटी अडचण सांगायची. नाटकातली दुःखं दिलीत तर मुलं अभिनयात रमतात, आणि फार खोल जखम तिथे उघडायला लावणं बरं नाही. पहिल्या फेरीत ऐकणाऱ्याला “हं” आणि “मग?” एवढेच शब्द. आमच्याकडे एक मुलगा मेसच्या बिलाबद्दल सांगत होता, तर चाळिसाव्या सेकंदाला ऐकणाऱ्याचं “तू एक काम कर” सुरू. बघणाऱ्याने वेळ लावली होती म्हणून कळलं. दुसऱ्या फेरीत हा बिचारा ओठ दाबून बसला. चौथ्या मिनिटाला समोरचा म्हणाला, “बिलाचं काही नाही रे. दोन विषय राहिलेत ते घरी माहीतच नाही.”

बघणाऱ्याने शेरे मारायचे नाहीत, दिसलं तेवढंच सांगायचं. “छान ऐकलंस” याचा उपयोग शून्य. “ती आईबद्दल बोलायला लागली तेव्हा तू मोबाइल उलटा ठेवलास,” हे कामाचं.

मराठीत दोन गोष्टींवर जास्त वेळ द्यावा लागतो. एक म्हणजे ‘का’. “लेक्चरला का गेला नाहीस?” हे कितीही मऊ आवाजात विचारा, जाब विचारल्यासारखंच वाटतं. “त्या दिवशी सकाळी काय झालं?” म्हटलं की माणूस बोलतो. दुसरं म्हणजे ‘टेन्शन’. मुलांकडे सगळ्यासाठी हा एकच शब्द. मी फळ्यावर धास्ती, घुसमट, वैताग, खजील, हिरमुसणं, पोरकं वाटणं असे शब्द लिहून घेते आणि प्रत्येक ‘टेन्शन’च्या जागी यातला कुठला बसतो ते शोधायला लावते. आणि “तुला असं वाटतंय का, की…” हे पुस्तकी वळण आधी मोडा. “म्हणजे नापास झाल्यापेक्षा बाबांना सांगायचीच धास्ती जास्त आहे,” असं साधं बोलू दे.

रेकॉर्डिंग बघताना मानसशास्त्रज्ञ नॉर्मन केगन यांची युक्ती वापरा. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात त्यांनी ती बसवली. ऐकणाऱ्याने स्वतःच हवं तिथे व्हिडिओ थांबवायचा आणि त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते सांगायचं. आपण फक्त विचारायचं, चुका काढायच्या नाहीत. “ती रडली तेव्हा मी घाबरले, म्हणून विषय बदलला,” हे मुलगी स्वतः सांगते तेव्हा पुढच्या फेरीत ती विषय बदलत नाही. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. परवानगी आधी घ्या आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर क्लिप पुसून टाका.

रविवारची दुपार मात्र ‘हे आपलं काम नाही’ यासाठी राखा. “कुणालाच सांगणार नाही” असं वचन द्यायचं नाही, जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल हे बोलणं सुरू होतानाच स्पष्ट करायचं. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, तेव्हा “जीव द्यावासा वाटतोय का?” हे वाक्य प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या, पहिल्यांदा सगळ्यांची जीभ अडखळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, वॉर्डन किंवा समुपदेशकाला लगेच बोलवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. तुमच्याकडे अकरावी-बारावीची, म्हणजे अठराच्या आतली मुलं असतील तर लैंगिक अत्याचाराची गोष्ट पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावीच लागते, हेही सांगून ठेवा.

आणि सोमवारनंतर दर पंधरा दिवसांनी तासभर या मुलांना भेटायला कोण बसणार, ते शिबिराआधी ठरवा. कुणीच मिळत नसेल तर तारीख पुढे ढकला.