वाचकांचे प्रश्न : निम्मा-निम्मा की दोनास एक?

प्रश्न : रोडोबॅक्टर स्फेरॉइडिस या जांभळ्या जिवाणूच्या रिॲक्शन सेंटरवर (प्रकाशाने इलेक्ट्रॉन हलवणाऱ्या प्रथिनावर) प्रकाश टाकून ईपीआर, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनचा चुंबकीय क्षेत्रातला वर्णपट, घेतला. जी-मूल्य (रेघेची वर्णपटातली जागा सांगणारा आकडा) २.००२६ जवळ रेघ मिळाली, रुंदी ९.६ गॉस. सुट्या बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या (जिवाणूतल्या हरितद्रव्याच्या) धन आयनाची रुंदी १३ गॉस असते. भागाकार साधारण √२ येतो. प्रकाशाने एक इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेला एकटा इलेक्ट्रॉन रिॲक्शन सेंटरमधल्या बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या जोडीतल्या दोन रेणूंवर निम्मा-निम्मा आहे, असे प्रबंधात लिहावे का?

उत्तर : ‘जोडीवर पसरलेला आहे’ एवढेच लिहा. निम्म्या वाटणीचा पुरावा या रेघेत नाही.

√२ चा हिशेब १९७१ मध्ये जेम्स नॉरिस आणि सहकाऱ्यांनी मांडला. इलेक्ट्रॉन दोन सारख्या रेणूंवर पसरला की प्रत्येक प्रोटॉनचा हायपरफाइन स्थिरांक (त्याच्याशी इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय जोडणीचे माप) निम्मा होतो, प्रोटॉनची संख्या मात्र दुप्पट. रुंदी ठरते ती स्थिरांकांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळावरून, म्हणून ती √२ पटीने घटते. आता वाटणी असमान धरा. एकाकडे क्ष, दुसऱ्याकडे (१ − क्ष), तर १३ गॉसला क्ष² + (१ − क्ष)² च्या वर्गमुळाने गुणायचे. निम्म्या वाटणीला ९.२ गॉस येतात, दोनास एकला ९.७. अर्ध्या गॉसचा फरक! तुमचे ९.६ तर दुसऱ्या आकड्याच्याच जवळ आहेत, पण त्यावरही भिस्त ठेवू नका. मॉड्युलेशन (मोजताना चुंबकीय क्षेत्राला दिलेले हेलकावे) तीन-चार गॉस ठेवले किंवा मायक्रोवेव्हची शक्ती वाढून सिग्नल संपृक्त झाला, तर एवढी रुंदी यंत्रच वाढवते. मॉड्युलेशन एक-दीड गॉसवर आणा आणि शक्ती निम्मी करून रेघेचा आकार बदलतो का ते पाहा.

शिवाय जास्त वाटा कोणाचा, एल बाजूच्या रेणूचा की एम बाजूच्या (एल आणि एम ही रिॲक्शन सेंटरची दोन प्रथिने), हे ईपीआरची एकच रेघ कधीच सांगणार नाही. त्यासाठी एंडॉर लागतो; त्यात ईपीआरच्या जोडीला रेडिओलहरी देऊन एकेका प्रोटॉनचा स्थिरांक मोजतात. ९.५ गिगाहर्ट्झच्या यंत्रात चुंबकीय क्षेत्र सुमारे ३४०० गॉस असते, तिथे मुक्त प्रोटॉनची वारंवारता १४.५ मेगाहर्ट्झ. तिच्या दोन्ही अंगांना, स्थिरांकाच्या निम्म्या अंतरावर, रेघांची जोडी दिसते. गोठवलेल्या नमुन्यात बहुतेक रेघा पसरट होतात. मिथिल गट मात्र थंडीतही फिरत राहतात, त्यामुळे त्यांच्या रेघा टोकदार राहतात. मोजमाप त्यांच्यापासून सुरू करा. वुल्फगँग लुबिट्झ यांच्या गटाने एकस्फटिकांवर घेतलेल्या एंडॉरमधून एल बाजूकडे सुमारे दोन-तृतीयांश वाटा निघाला.

बाजू ओळखण्याची खरी कसोटी म्हणजे उत्परिवर्तित जिवाणू. एम२०२ वरचे (एम प्रथिनातल्या २०२ व्या जागेवरचे) हिस्टिडीन हे अमिनो आम्ल काढून ल्यूसीन घातले की एम बाजूला बॅक्टेरिओफिओफायटिन (मॅग्नेशियम नसलेले बॅक्टेरिओक्लोरोफिल) बसते आणि स्पिन, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन, जवळजवळ पूर्ण एल बाजूला सरकते. रुंदीही १३ गॉसकडे परतते. एल१७३ वर तोच बदल केला की उलटे घडते. हायड्रोजन बंधाचा खेळ याहून नाजूक: एल१३१ वर हिस्टिडीन घातले की एल बाजूच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढणे अवघड होते, म्हणून स्पिन एमकडे झुकते.

प्रश्न : शुद्ध केलेल्या रिॲक्शन सेंटरच्या शोषण वर्णपटात ८६५ नॅनोमीटरचे (बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या जोडीचे) शिखर फार बुटके येते, ७६० चे (बॅक्टेरिओफिओफायटिनचे) जरा उंच. नमुना खराब झाला का?

उत्तर : आधी यंत्राकडे पाहा. डायोड-ॲरे स्पेक्ट्रोफोटोमीटर सगळा पांढरा प्रकाश नमुन्यावर टाकतो. त्याच प्रकाशाने जोडीतला इलेक्ट्रॉन निघून जातो आणि ८६५ चे शिखर मोजतानाच फिके पडते. दुय्यम क्विनोनपर्यंत (इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या शेवटच्या रेणूपर्यंत) गेलेला इलेक्ट्रॉन परत यायला सुमारे एक सेकंद घेतो. टर्ब्युट्रिन हे तणनाशक घालून ती वाट अडवली की तो शंभरेक मिलिसेकंदांत परततो. नाहीतर मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी निवडणारा भाग) नमुन्याच्या आधी असलेले यंत्र वापरा, नमुना अंधारात ठेवा.

तरीही ७६० उंचच राहिले तर दोष नमुन्यात आहे. चांगल्या नमुन्यात ७६०, ८०२ आणि ८६५ ची उंची साधारण १ : २ : १ असते. आम्लामुळे बॅक्टेरिओक्लोरोफिलमधले मॅग्नेशियम निघते आणि फिओफायटिन वाढते; पीएच ८ चा ट्रिस बफर त्यासाठीच वापरतात. प्रथिनातून सुटलेले बॅक्टेरिओक्लोरोफिल डिटर्जंटमध्ये ७७० च्या आसपास शोषते, तो खांदा ७६० चा समजू नका. २८० आणि ८०२ चे गुणोत्तर १.३ पेक्षा बरेच जास्त असेल तर इतर प्रथिने शिल्लक आहेत. संहतीसाठी ८०२ वर २८८ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर हा गुणांक घ्या. ईपीआरसाठी लागणारा १०० मायक्रोमोलर नमुना तिथे २८.८ शोषण देईल, म्हणून मोजण्यापूर्वी तीस-चाळीस पट विरळ करा.

प्रश्न : वनस्पतींतही अशीच दोनास एक वाटणी असते का?

उत्तर : नाही. प्रकाशप्रणाली १ मधल्या (वनस्पतींतल्या एका रिॲक्शन सेंटरमधल्या) पी७०० या क्लोरोफिल-जोडीत स्पिन जवळजवळ सगळे एकाच क्लोरोफिलवर असते. तिथले दोन रेणू मुळातच वेगळे आहेत, एक साधे क्लोरोफिल ए आणि दुसरे त्याचे एपिमर, म्हणजे एकाच कार्बनवरची मांडणी उलटी असलेले रूप.