परदेशात टमी टक (पोटावरची सैल कातडी आणि चरबी काढण्याची शस्त्रक्रिया) करून चौथ्या दिवशी विमानाने परतता येईल का?

चौथ्या दिवशी? नकोच. टमी टकनंतर साधारण 7 ते 10 दिवस विमानप्रवास टाळायला सांगतात, लायपोसक्शननंतर (नळीने चरबी शोषून काढल्यावर) 5 ते 7. शस्त्रक्रियेनंतर रक्त लवकर गोठतं. त्यात तासन्‌तास एका जागी बसलात की पोटरीच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर थेट इमर्जन्सी गाठा.

परदेशातल्या ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये हॉटेल, फिरणं सगळं असतं हो, पण घरी आल्यावर टाके उसवले तर बघणार कोण? ऑपरेशनचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा. जखम महिन्याभराने पाझरू लागली आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने हटेना, तर परदेशातलं ऑपरेशन डॉक्टरांना आवर्जून सांगा. मायकोबॅक्टेरियाचा (क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या जिवाणूंचा) संसर्ग असा उशिरा उगवतो, आणि त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते.