रानटी ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

साहित्यातील ‘रानटी’ आणि ‘सुसंस्कृत’ या विभागणीविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : जोसेफ कॉनरॅड यांची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी आम्हाला वसाहतवादावरील टीका म्हणून शिकवली जाते. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी मात्र कॉनरॅडना वंशवादी ठरवले आहे. ही दोन्ही मते एकाच वेळी खरी कशी असू शकतात? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : दोन्ही मते खरी आहेत, आणि ती एकमेकांना खोडून काढत नाहीत. कॉनरॅड १८९० मध्ये एका बेल्जियन कंपनीच्या नोकरीत काँगो नदीवर गेले, तेव्हा तो प्रदेश बेल्जियम या देशाच्या नव्हे, तर राजा दुसरा लिओपोल्ड याच्या व्यक्तिगत ताब्यात होता. गुलामांचा व्यापार मोडून काढणे आणि तेथील लोकांना सुधारणे असे उदात्त हेतू जाहीर करूनच लिओपोल्डने युरोपीय सत्तांची मान्यता मिळवली होती. प्रत्यक्षात आधी हस्तिदंतासाठी आणि पुढे रबरासाठी गावेच्या गावे वेठीला धरली गेली. शिपायांनी काडतुसे शिकारीत उधळू नयेत म्हणून प्रत्येक गोळीमागे मारलेल्या माणसाचा कापलेला हात पुरावा म्हणून मागितला जाई आणि हिशेब जुळवण्यासाठी जिवंत माणसांचेही हात तोडले जात. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या प्रकारांना सरकारी दुजोरा मिळाला, आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला तो प्रदेश बेल्जियमच्या हवाली करावा लागला.

कॉनरॅड यांची कादंबरी १८९९ मध्ये नियतकालिकातून क्रमशः आली, म्हणजे यातले बरेचसे जगजाहीर होण्यापूर्वी. तिच्यातील कर्ट्झ हा हस्तिदंत गोळा करणारा गोरा अधिकारी ‘रानटी चालीरीतींच्या निर्मूलना’साठी स्थापन झालेल्या संस्थेकरिता सतरा पानांचा ओजस्वी अहवाल लिहितो, आणि पुढे केव्हातरी त्याच अहवालाच्या तळाशी, या साऱ्या पशूंचा नायनाट करा, असे खरडतो. सुधारणेच्या गोड भाषेखाली काय दडलेले असते हे इतक्या थोडक्यात दाखवणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. बोटीवरील नरभक्षक खलाशांचा प्रसंगही असाच आहे. त्यांना आठवड्याची मजुरी म्हणून पितळी तारेचे तीन तुकडे मिळतात आणि त्यांवर त्यांनी काठच्या गावांतून अन्न विकत घ्यावे अशी अपेक्षा असते, पण बोट गावांना लागतच नाही. हे उपाशी खलाशी तीस आहेत आणि गोरे पाच. तरीही ते गोऱ्यांना हात लावत नाहीत. या संयमाचे निवेदक मार्लोला नवल वाटते, आणि कोणाला रानटी म्हणावे याविषयी वाचकही क्षणभर अडखळतो.

अचेबे यांचा आक्षेप नेमका याच्या पुढचा आहे. १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी दाखवून दिले, की या कादंबरीत आफ्रिकी माणसांना मोजून दोनदा बोलता येते : एकदा माणूस खायला मागण्यासाठी आणि एकदा कर्ट्झच्या मृत्यूची वर्दी देण्यासाठी. एरवी तिथे हातपाय, डोळे आणि आरोळ्या आहेत. एका युरोपीय मनाची पडझड रंगवण्यासाठी सबंध खंड पडद्यासारखा वापरलेला आहे. मी यात आणखी एक गोष्ट जोडेन. कर्ट्झ बिघडला तो आदिम अरण्याने त्याच्या कानात काही कुजबुजले म्हणून, असे कादंबरी सुचवते. म्हणजे वसाहतीचा निषेध करतानाही क्रौर्याचा उगम अरण्यातच शोधते. काडतुसामागे एक हात, हा हिशेब मात्र कचेरीत ठरला होता. अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) सोबत वाचल्यास हा फरक लख्ख दिसतो. सबंध कादंबरीभर आपण नायजेरियातील इग्बो समाजातील शेती, न्यायसभा, लग्ने आणि भांडणे पाहत असतो, आणि शेवटी इंग्रज जिल्हाधिकारी येऊन ठरवतो, की नायकाच्या मरणाला आपल्या नियोजित पुस्तकात एखादा परिच्छेद पुरेल. नायजर नदीच्या खालच्या खोऱ्यातील आदिम जमातींना शांत करण्याची हकिगत, असा त्याच्या पुस्तकाचा विषय आहे.

प्रश्न : मी शाळेत इंग्रजी शिकवतो. नियम आणि वडीलधारे नसतील तर मुलेही रानटी होतात, हा ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’चा निष्कर्ष शास्त्रीय मानावा काय? (एक शिक्षक, सांगली)

उत्तर : मानू नये, ती कादंबरी आहे, प्रयोग नव्हे. विल्यम गोल्डिंग हे स्वतः शिक्षक होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमारात लढले होते. निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्रज मुलांच्या १९५४ च्या या कादंबरीचा रोख बॅलंटाइन यांच्या ‘द कोरल आयलंड’ (१८५७) या साहसकथेवर होता. त्या कथेत बेटावर अडकलेली इंग्रज मुले शेवटपर्यंत सद्गुणी राहतात आणि रानटीपणा बेटवासीयांच्या वाट्याला येतो. गोल्डिंग यांनी तो इंग्रज मुलांच्या पदरात टाकला, हे धाडसच होते. पण मुले बिघडली हे दाखवण्यासाठी त्यांनी रंगवलेले चेहरे, भाले आणि गोलात घुमणारे नाच हेच वापरले. वसाहतकाळातील जुने चित्र तसेच राहिले, त्यातली माणसे बदलली.

आपण वर्गात एक खरी घटनाही सांगावी. १९६५ मध्ये टोंगा देशातील सहा शाळकरी मुले होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि अटा या निर्जन बेटाला लागली. वर्षाहून अधिक काळाने, १९६६ मध्ये, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला ती सापडली. तोवर त्यांनी कामे वाटून घेतली होती, विस्तव विझू दिला नव्हता आणि एकाचा मोडलेला पायही नीट बसवला होता. मात्र सहा मित्रांवरून मनुष्यस्वभावाचा सिद्धांत मांडणे हीही घाईच ठरेल. मला अधिक बोलकी वाटते ती त्या बेटाची पूर्वपीठिका. अटा मुळात ओसाड नव्हते. १८६३ मध्ये एका गोऱ्या कप्तानाच्या जहाजाने तेथील शंभराहून अधिक माणसे गुलामीसाठी पळवून नेली, आणि उरलेल्यांना टोंगाच्या राजाने दुसऱ्या बेटावर हलवले.

प्रश्न : आपल्याकडे याचे उदाहरण कोणते? आणि काही समाजांतील प्रथा खरोखरच क्रूर असतात, त्यांना क्रूर म्हणायचेच नाही काय? (एक वाचक, पालघर)

उत्तर : क्रूर प्रथेला क्रूर म्हणावेच. अचेबे यांच्याच कादंबरीत जुळी मुले रानात टाकून दिली जातात, आणि या प्रथेवर पांघरूण घालण्याचा लेखकाने कुठेही प्रयत्न केलेला नाही; चार वेळा जुळी गमावलेली एक गर्भवती स्त्री मिशनऱ्यांकडे निघून जाते, तीही त्याच समाजातली आहे. कृत्याला दोष देणे वेगळे आणि माणसांची सबंध जमात जन्मतः दोषी ठरवणे वेगळे.

हे दुसरे काम आपल्याकडे कायद्याने झाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याची सोय केली. पुढे अशा जमातींना नाव नोंदवणे, हजेरी देणे आणि परवानगीशिवाय गाव न सोडणे बंधनकारक झाले, तर काहींना तारेच्या कुंपणाआड वसवण्यात आले. सोलापूरच्या अशा वसाहतीतील माणसे तेथील कापडगिरण्यांत राबत असत; ज्यांना घातक म्हणून कोंडले, तेच स्वस्त मजूरही होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, परंतु त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली, आणि चोरी झाली की आधी पारध्यांचे पाल धुंडाळण्याची सवय सुटली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन या पार्श्वभूमीवर वाचावे. आपल्या माणसांची चोरी ते लपवत नाहीत, पण तिच्यामागची भूक आणि पोलिसांचा मार हेही त्याच सुरात सांगतात.

आपण पालघरचे आहात, म्हणून गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ची विशेष शिफारस करतो. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराकडे राबत राहायचे, ही लग्नगड्याची पद्धत डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत १९४५ पर्यंत चालू होती, आणि ती चालवणारे जमीनदार वारल्यांना जंगली म्हणत. पुस्तक बाहेरून आलेल्या कार्यकर्तीने लिहिलेले आहे, ही त्याची मर्यादा खरी. तरी त्यात वारली स्वतः बोलतात, सभेत वाद घालतात आणि वेठ नाकारतात.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आदिवासींसाठी वापरलेली भाषा आजच्या वाचकाला खटकेल, कारण आदिवासी रानटी अवस्थेत राहिले आहेत असेच तिथे म्हटले आहे. आरोपी मात्र त्यांनी बदलला. या लोकांना आपले मानायचे तर त्यांच्यात जाऊन राहावे लागेल, आणि ज्याचे सारे आयुष्य जात सांभाळण्यात जाते त्या हिंदूला ते शक्यच नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्याच ग्रंथात दुसरीकडे, हिंदू ज्याला आपली सहिष्णुता म्हणतात, ती त्यांच्या लेखी एक तर दुबळेपणा किंवा बेपर्वाई ठरते.