मडकं तेच की दुसरं?

प्रिय,

न्यायशास्त्र, आपलं जुनं तर्कशास्त्र, म्हणजे नुसती घटपटाची खटपट, असं वैतागून लिहिलं आहेस. वैताग रास्त आहे. तरी तो घट कुंभाराच्या आव्यात जाईपर्यंत सोडू नकोस. खरी गंमत तिथे आहे.

कच्चं मडकं काळपट असतं, भाजून लाल होतं. बाहेर आलं ते तेच का? वैशेषिक, म्हणजे न्यायाच्या जोडीचे परमाणुवादी दार्शनिक, म्हणतात, नाही. आच लागताच मडकं पार परमाणूंपर्यंत सुटतं, परमाणूंचा काळा रंग जाऊन लाल येतो, मग दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, असं करत नवं मडकं उभं राहतं. आपल्या डोळ्यांना पत्ताही लागत नाही. हा पीलुपाक; पीलू म्हणजे परमाणू, पाक म्हणजे भाजणं. पहिल्यांदा वाचून मी हसलो होतो. पण उदयनासारख्या कसलेल्या तार्किकाने (त्याच्या ‘लक्षणावली’ या ग्रंथाचा शक ९०६) हे मत उचलून का धरावं? अडचण अशी, की अवयवीचा, म्हणजे भागांनी बनलेल्या अख्ख्या वस्तूचा, रंग अवयवांच्या, म्हणजे त्या भागांच्या, रंगातून येतो. तेव्हा तो बदलायचा तर मुळात, परमाणूतच बदलायला हवा; आणि मडकं घट्ट असेतो आतल्या परमाणूला आच लागणार कशी?

नैयायिकांचा, म्हणजे न्यायवाल्यांचा, पिठरपाक साधा; पिठर म्हणजे मडकं. मडक्याला बारीक छिद्रं असतात (माठ उगाच का पाझरतो!), त्यातून तेज आत शिरतं आणि अख्खं मडकं जागच्या जागी भाजतं. शिवाय ‘हे तेच’ अशी ओळख पटतेच. वैशेषिकांचं उत्तर बोचरं आहे: सुईच्या टोकाने मडक्याचा कण उडवला, अवयव बदलले, तर अवयवी तोच कसा? आणि तरी तू ‘तेच मडकं’ म्हणशीलच ना?

मी आजही नैयायिकांच्या बाजूचा. पण ती सुई टोचते. ओळखीवर भरवसा ठेवावा की अनुमानावर, हा वाद तिने उघडा केला.

आता एक काम कर. विश्वनाथाच्या ‘मुक्तावली’ या न्यायग्रंथातली नवक्षणा, म्हणजे पीलुपाकाची नऊ क्षणांची, प्रक्रिया कागदावर मांड. पहिल्या क्षणी द्व्यणुकाचा नाश, दुसऱ्या क्षणी काळ्या रंगाचा, तिसऱ्या क्षणी लाल रंग. नवव्याला नव्या द्व्यणुकावर तो रंग चढतो. मधल्या क्षणांत मी दोनदा अडकलो होतो. अडलं तर कागद घेऊनच ये, फोनवर ते जमत नाही.