काच कधी चढते, कधी नाही: मोटर बदलण्याआधी

प्रश्न: माझी गाडी १४ वर्षांची आहे. ड्रायव्हरशेजारच्या दाराची काच कधी बटण दाबताच चालते, तर कधी दिवसभर हलत नाही. दोन्हीकडच्या बटणांनी तेच होतं. फ्यूज चांगला आहे. मेकॅनिक मोटर बदलायला सांगतो. बदलावी का?

उत्तर: इतक्यात नको. काच चालत नसेल त्या वेळी इग्निशन चालू ठेवा, पण इंजिन बंद असू द्या. आतला दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंदावला तर मोटरपर्यंत करंट पोचतोय. मग अडचण मोटरच्या आत किंवा काचेच्या मशीनमध्ये, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेत आहे. दिवा जराही हलला नाही तर सर्किट कुठेतरी तुटतंय, आणि ते मोटरच्या बाहेर, वायरीत किंवा स्विचमध्ये तुटत असेल तर नवी मोटर लावूनही काच तशीच राहील.

दोन्ही बटणांनी काच चालत नाही, म्हणून आमचा पहिला संशय दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी बुटावर, म्हणजे वायरी ज्यातून जातात त्या नळीवर आहे. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, तेव्हा वायर तिथेच वाकते. आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. बटण दाबून धरा आणि दार सावकाश उघडा-मिटा. एखाद्या कोनात काच हलली तर दोष सापडलाच. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, बूट सरकवा आणि एकेक वायर हलकेच ओढा. धड वायर ताणली जात नाही, आतून तुटलेली मात्र रबरासारखी लांबते.

तुटका भाग कापून तितक्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर घाला. जोड वाकणाऱ्या भागाबाहेर, बुटाच्या दोन्ही बाजूंना घ्या. सोल्डर लागलेली जागा कडक होते आणि वाकली की तिच्या कडेलाच पुन्हा तुटते. सगळे जोड एकाच ठिकाणी आले तर गाठ फुगते, म्हणून ते मागेपुढे ठेवा.

बूट ठीक निघाला तर ड्रायव्हरच्या दारातला मास्टर स्विच पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत मोटरच्या एका वायरीला सप्लाय मिळतो तेव्हा दुसरी अर्थ होते, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडली जाते, आणि शेजारच्या दाराचा अर्थ मास्टर स्विचमधूनच येतो. त्यामुळे तिथला एक काळा पडलेला कॉन्टॅक्ट शेजारचं बटणही निकामी करतो. स्विच उघडून कॉन्टॅक्ट १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, वर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. कॉन्टॅक्टला खड्डे पडले असतील तर स्विचच बदला.

आता मीटरबद्दल, कारण इथेच बरेच जण फसतात. मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून मोजलं तर एकच तार उरलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते. मीटर जवळजवळ करंटच घेत नाही. कपलर जोडलेला ठेवून, बटण दाबून मोजा. बॅटरीवर १२.४ आणि मोटरच्या दोन वायरींमध्ये ९ व्होल्ट असतील तर ३.४ व्होल्ट वाटेत खर्च होतायत. मग सप्लायची आणि अर्थची बाजू वेगवेगळी तपासा. एखाद्या बाजूला अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल तर तिकडचे जोड शोधा.

मोटरवर पूर्ण व्होल्टेज असूनही ती गप्प असेल, आणि दारपॅड काढून तिच्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर चालू होत असेल, तर मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत. तेव्हा मोटर खुशाल बदला. आधी काच वरच्या चौकटीला चिकटपट्टीने घट्ट बांधा. मोटर सुटताच काच धाडकन खाली येऊ शकते.

प्रश्न: काच दोन-तीनदा वर-खाली केली की बंद पडते आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप चालते. बटण खराब आहे का?

उत्तर: नाही. मोटर तापली की तिच्यातला थर्मल कट-आउट करंट तोडतो आणि ती थंड झाली की पुन्हा जोडतो. मोटर का तापते ते पाहा. बहुधा काच ज्या रबरी खाचेत सरकते ती सुकून कडक झालेली असते. खाचेतली माती ओल्या फडक्याने काढा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. साधं तेल किंवा ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं आणि धूळ चिकटते. एवढं करूनही काच जड चढत असेल तर मशीनची केबल उसवली आहे का किंवा रूळ वाकला आहे का, ते पाहा.