.४५ चं पिस्तूल ९ एमएमपेक्षा खरंच दुप्पट पॉवरफुल असतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात (दर ट्रिगरला एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं) .४५ म्हणजे ०.४५ इंची हे ९ एमएमच्या दुप्पट ताकदीचं असतं का, सगळ्यात पॉवरफुल कॅलिबर (गोळीच्या जाडीचा आकडा) कोणतं, आणि .४५ एवढं भारी असेल तर बहुतेक सैन्यं आणि पोलीस ९ एमएमच का वापरतात. मी रेंजवर बरीच वर्षं पिस्तूल चालवतोय आणि हा विषय माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचं उत्तर नाही असं आहे. दुप्पट तर सोडाच, साध्या फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूचं आवरण असलेल्या गोळीच्या) राऊंडमध्ये दोघांची एनर्जी जवळपास सारखी भरते. हिशोब करून बघा, ½ × वजन × वेगाचा वर्ग. ९ एमएमची १२४ ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ८ ग्रॅम, वेग धरा सेकंदाला ३६० मीटर, एनर्जी येते ५१८ ज्यूल. .४५ एसीपीची (.४५ च्या नेहमीच्या पिस्तूल काडतुसाची) २३० ग्रेनची गोळी म्हणजे जवळपास १५ ग्रॅम, पण तिचा वेग असतो २५५ च्या आसपास, मग येतात ४८० ते ४९० ज्यूल. म्हणजे गोळी जवळजवळ दुप्पट जड असूनही आकडा थोडा कमीच, कारण सूत्रात वेगाचा वर्ग होतो आणि वजनाचा होत नाही.

असं का होतं तर दोन्ही काडतुसं बनलीच वेगळ्या विचाराने. ९×१९ पॅराबेलम हे गेऑर्ग लुगरने १९०१-०२ च्या सुमारास आणलं, छोटी पुंगळी (दारू भरलेलं धातूचं नळकांडं) आणि आत प्रेशर जास्त, कमाल ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पाउंड). .४५ एसीपी जॉन ब्राउनिंगने १९०४-०५ मध्ये अमेरिकन सैन्याला डोळ्यासमोर ठेवून बनवलं, फिलिपिन्समधल्या लढाईत त्यांची .३८ ची रिव्हॉल्वरं कमी पडतायत अशी ओरड झाली होती म्हणून त्यांना जाड आणि जड गोळी हवी होती, आणि त्यात प्रेशर फक्त २१,००० पीएसआय. ही गोळी आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाते म्हणून सायलेन्सर लावला की .४५ छान काम करतं, साध्या ९ एमएमला त्यासाठी मुद्दाम जड गोळीचा हळू राऊंड घ्यावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल की मग .४५ चालवणाऱ्याला धक्का जास्त का बसतो. कारण हाताला जाणवतो तो बराचसा मोमेंटम, म्हणजे वजन गुणिले वेग, त्यात वर्ग नाही. ९ एमएमला तो २.९ च्या आसपास येतो आणि .४५ ला ३.८, म्हणजे तीस टक्के जास्त. आयपीएससी या पिस्तूल नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांमध्ये पॉवर मोजतात ती पण अशीच, ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदमधला वेग भागिले १०००, त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. १२५ च्या वर मायनर म्हणजे खालची श्रेणी, स्टँडर्ड डिव्हिजन या गटात १७० च्या वर मेजर म्हणजे वरची. वरच्या ९ एमएमचा येतो १४६, .४५ चा १९० च्या वर, आणि मेजरवाल्याला टार्गेटच्या मधल्या झोनच्या बाहेर लागलेल्या गोळीला एक पॉइंट जास्त मिळतो. त्यामुळे "पॉवर" कशात मोजताय त्यावर उत्तर बदलतं, ज्यूलमध्ये मोजलं तर बरोबरी आणि मोमेंटममध्ये मोजलं तर .४५ पुढे, पण दुप्पट कशातच नाही.

दुसरं म्हणजे कॅलिबरच्या आकड्यावरून ताकद ओळखायची सवय सोडून द्या. तो आकडा फक्त गोळीची जाडी सांगतो, मागे पुंगळी किती लांब, दारू किती, प्रेशर किती यातलं काहीच सांगत नाही. .३८० एसीपी, ९×१८ माकारोव आणि ९×१९ पॅराबेलम ही तीन काडतुसं तळहातावर शेजारी शेजारी उभी करून बघा. तिन्ही नऊ एमएमवाली, जाडी जवळपास तीच, पुंगळी १७, १८ आणि १९ एमएमची, लांबून कुणाला फरक पण कळणार नाही. पण .३८० ला मिळतात पावणेतीनशे ज्यूलच्या आसपास, माकारोवला तीनशेच्या घरात, आणि पॅराबेलमला पाचशे. आणि उलटं उदाहरण हवं असेल तर ७.६२×२५ टोकारेव, गोळी तिघांपेक्षा बारीक, साडेपाच ग्रॅमची, पण वेग ४५० च्या आसपास, म्हणजे साडेपाचशे ज्यूल, .४५ च्या वर! खालच्या टोकाला .३२ एसीपी पावणेदोनशेच्या आसपास, आणि .२५ एसीपी तर शंभरच्याही खाली, .२२ एलआरपेक्षा कमी.

यातली एक गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटते आणि ती कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. .३८० च्या जुन्या पिस्तुलांमध्ये, वॉल्थर पीपीके घ्या, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) कुठे लॉक होत नाही, नुसत्या स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने ती थांबवून धरलेली असते, याला ब्लोबॅक म्हणतात. म्हणून त्याची स्प्रिंग कडक असते, स्लाइड मागे ओढताना बोटं दुखतात. ९ एमएमच्या पिस्तुलात सहसा बॅरल आणि स्लाइड आधी एकमेकांत अडकून थोडी सोबत मागे जातात, मग बॅरल खाली झुकते आणि स्लाइड सुटते, तेवढ्यात प्रेशर उतरलेलं असतं. परिणाम असा की ग्लॉक १७ मधून पाचशे ज्यूलचा राऊंड मारताना हाताला जे जाणवतं त्यापेक्षा पीपीकेमधून निम्म्या ज्यूलचा राऊंड जास्त टोचतो, अंगठ्याच्या बेचक्यात चटका बसल्यासारखा. नवीन माणसाला "कमी पॉवरचं घे, सोपं जाईल" म्हणून छोटं ब्लोबॅक पिस्तूल हातात देतात ते मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात पॉवरफुल कोणतं, तर नेहमी मिळणाऱ्या सेमी-ऑटोमध्ये डेझर्ट ईगलचं .५० एई. ३०० ग्रेनची गोळी, १९ ग्रॅमच्या वर, वेग ४५० च्या आसपास, म्हणजे दोन हजार ज्यूलला टेकते. हे एके-४७ च्या ७.६२×३९ राऊंडच्या जवळपास आहे, म्हणजे विचार करा. पण त्यासाठी काय द्यावं लागतं ते पण बघा, पिस्तूल रिकामं असतानाच दोन किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये ७ राऊंड, आणि नेहमीच्या झुकणाऱ्या बॅरलऐवजी आत रायफलसारखा गॅसवर चालणारा फिरता बोल्ट. शिवाय पिस्तुलाची मॅगझिन मुठीत असते, काडतूस जेवढं लांब तेवढी मूठ पुढून मागे जाड, .५० एई चं काडतूस ४ सेंटीमीटरच्या वर जातं आणि ९ एमएमचं ३ च्या आत राहतं. लहान हाताच्या माणसाचं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचतच नाही.

म्हणून मला विचाराल तर खरं कौतुक १० एमएम ऑटोचं. काडतूस .४५ एवढंच लांब, म्हणजे मूठ तशीच राहते, पण फुल लोडमध्ये १८० ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटरपर्यंत जातो आणि नऊशे ज्यूलच्या आसपास मिळतात.

आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच १० एमएमच्या गोष्टीत आहे. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी दंडातून छातीत लागली होती पण हृदयाच्या थोडं अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. एफबीआयने ठरवलं की गोळी पुरेशी खोल जायलाच हवी, चाचणीसाठी शरीराच्या जागी वापरतात त्या जिलेटीनच्या ब्लॉकमध्ये १२ ते १८ इंच, आणि ते १० एमएमकडे वळले. पण बऱ्याच एजंटना तो धक्का झेपेना, मग दारू कमी केली, मग दारू कमीच भरायची तर एवढी लांब पुंगळी कशाला म्हणून ती कापून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू आलं, सव्वापाचशे ज्यूलच्या आसपास. पुढची वीसेक वर्षं अमेरिकन पोलिसांत .४० चालली. तोपर्यंत ९ एमएमच्या होलो पॉइंट (टोकाला पोकळ, लागल्यावर पसरणाऱ्या) गोळ्या इतक्या सुधारल्या की त्याच जिलेटीन टेस्टमध्ये त्या पण नीट उतरायला लागल्या, आणि २०१४-१५ च्या सुमारास एफबीआय परत ९ एमएमवर आली. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं, कमी धक्क्यामुळे एजंट लवकर आणि अचूक मारतात आणि मॅगझिनमध्ये राऊंड जास्त बसतात. ग्लॉक १७ मध्ये १७, .४५ च्या जुन्या 'एम१९११' पिस्तुलात ७, आणि ते रिकामं असतानाच ११०० ग्रॅमचं.

सैन्याचं थोडं वेगळं आहे, १८९९ च्या हेग जाहीरनाम्यामुळे त्यांच्याकडे सहसा लागल्यावर पसरणाऱ्या होलो पॉइंटसारख्या गोळ्या नसतात, त्यांना ९ एमएम परवडतं ते वजन, क्षमता आणि नाटोमध्ये सगळ्यांकडे एकच काडतूस असल्यामुळे. अमेरिकन सैन्याने पण १९८५ मध्ये .४५ सोडून ९ एमएमचं बेरेटा एम९ पिस्तूल घेतलं ते त्याचसाठी.

एक शेवटचं, इंटरनेटवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघताना बॅरलची लांबी बघत जा. कंपनीच्या बॉक्सवर जो वेग छापलेला असतो तो एका ठरावीक टेस्ट बॅरलमधला असतो. तोच ९ एमएमचा राऊंड ३ इंची बॅरलच्या छोट्या पिस्तुलातून मारला तर वेग २०-२५ मीटरने सहज कमी होतो आणि वरच्या ५१८ ज्यूलचे साडेचारशेच्या आसपास उरतात. त्यामुळे कोणी मोठ्या पिस्तुलाच्या .४५ शी छोट्या पिस्तुलाचं ९ एमएम लावून ".४५ च भारी" म्हणत असेल तर आधी दोघांची बॅरल विचारा.