मिग-२१ चे प्लास्टिक मॉडेल क्षेपणास्त्रांसह जोडायचे आहे. सुरुवात कशी करावी?

आपल्या १३ वर्षांच्या मुलीला भारतीय हवाई दलाच्या मिग-२१ चे मॉडेल क्षेपणास्त्रांसह जोडायचे आहे, घरात यापूर्वी कोणी असे काम केलेले नाही, तेव्हा संच कोणता आणि कोणत्या मापाचा घ्यावा, असे आपण विचारले आहे. मी गेली वीसेक वर्षे फावल्या वेळात हेच काम करतो, आणि त्यातला बराच वेळ मिग-२१ वरच गेला आहे. माझे लहानपण नाशिकजवळच्या ओझरला गेले. १९६४ मध्ये तिथे याच विमानांच्या उत्पादनासाठी कारखाना उभा राहिला, आणि त्या विमानांचा आवाज कानांवर घेतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

माझा पहिला सल्ला असा, की संच घेण्याआधी मुलीला एक छायाचित्र निवडायला सांगावे. १९६३ मध्ये चंदीगडला हवाई दलात दाखल झालेले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी तिथेच निरोप घेतलेले मिग-२१ या बासष्ट वर्षांत एकसारखे राहिले नाही. ओझरला ज्याला ‘टाइप ७७’ म्हणत, त्या एफएल प्रकाराच्या पंखांखाली शस्त्रे टांगण्याच्या दोनच जागा होत्या आणि विमानात अंगची तोफ नव्हती. त्यानंतरच्या एम प्रकारात, म्हणजे ‘टाइप ९६’ मध्ये, त्या जागा चार झाल्या, पाठीचा उंचवटा जाड झाला आणि वैमानिकावरचे काचेचे झाकण पुढच्या बाजूला न उचलता उजवीकडे उघडू लागले. संचाच्या डब्यावर आपल्या हवाई दलाचे तिरंगी वर्तुळ छापलेले असले, तरी आतले भाग आपल्याला हव्या त्या प्रकाराचे असतीलच असे नाही. त्यामुळे पंखाखालच्या जागा मोजून आणि झाकण पाहूनच संच घ्यावा. हा भेद न पाहता मी घेतलेला पहिला संच निम्मा जोडून झाल्यावर बाजूला ठेवावा लागला होता, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

मापाबाबत फार विचार करू नये. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट मॉडेलवर एक इंच. विमानांच्या मॉडेलमध्ये हे माप १९३० च्या दशकापासून रूढ आहे. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर असल्याने १/७२ मध्ये तो जवळजवळ १० सेंटिमीटर भरतो आणि १/४८ मध्ये १५ सेंटिमीटर. सुरुवातीला १/७२ स्वस्त पडते, पण क्षेपणास्त्रांचा आग्रह असेल तर मी १/४८ घ्यायला सांगेन. त्याचे कारण पुढे येईलच.

जोडणीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. हे संच पॉलिस्टायरीनचे असतात आणि त्यांचा खास द्रवगोंद चिकटवण्याऐवजी दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतो. म्हणून भाग आधी कोरडेच जुळवून पाहावेत, मग फटीच्या कडेला ब्रशचे टोक टेकवावे. गोंद आपोआप आत ओढला जातो. त्याची वाफ डोक्यात जाते, म्हणून खिडकी उघडी ठेवून आणि मोठ्या माणसाने शेजारी बसूनच हे काम व्हावे. काचेच्या झाकणाला मात्र सुपरग्लू लावू नये, त्याने काच आतून पांढुरकी होते. दुसरी गोष्ट वजनाची. बरेचसे मिग-२१ चे मॉडेल पुढे वजन न घातल्यास शेपटीवर बसते. नाकातला शंकू पोकळ असेल तर दोन्ही अर्ध्या भागांत गळाला लावायची शिशाची गोळी बसवून तो बंद करावा, आणि शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

आता क्षेपणास्त्रांविषयी. बहुतेक जण विमानावर महिनाभर मेहनत घेतात आणि क्षेपणास्त्रे शेवटच्या रात्री उरकतात, आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच अडते. एफएल विमानावर के-१३ नावाची दोन क्षेपणास्त्रे असत. १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवरील चकमकीत साइडवाइंडर नावाचे एक अमेरिकन क्षेपणास्त्र चिनी मिग-१७ विमानामध्ये न फुटता रुतून बसले आणि तसेच तळावर आले. त्याचा अभ्यास करून सोव्हिएत अभियंत्यांनी के-१३ घडवले, त्यामुळे दोन्हींची ठेवण सारखीच आहे. के-१३ ची लांबी सुमारे २.८३ मीटर आणि जाडी १२७ मिलिमीटर. १/७२ मध्ये ती होते ३९ मिलिमीटर लांब आणि पावणेदोन मिलिमीटर जाड, म्हणजे उदबत्तीच्या काडीएवढी. एवढ्याशा काडीवर पुढे चार आणि मागे चार पंख सरळ उभे करायचे असतात. म्हणूनच मी १/४८ म्हटले.

त्यासाठी मी जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा आखतो, मधोमध क्षेपणास्त्र जेमतेम जाईल एवढे भोक पाडतो आणि रेषांवर पंख मावतील अशा चिरा देतो. आधी समोरासमोरचे दोन पंख लावायचे, गोंद पुरता धरू द्यायचा, मग उरलेले दोन. पुढचे आणि मागचे पंख एकाच ओळीत यायला हवेत. विमानाखाली टांगताना त्यांचा आकार अधिकच्या चिन्हासारखा न दिसता फुलीसारखा दिसला पाहिजे, कारण वरच्या दोन पंखांच्या मधोमध क्षेपणास्त्र टांगायची पट्टी येते. संचातला अर्धा मिलिमीटर जाडीचा पंख १/७२ च्या हिशेबाने खऱ्या क्षेपणास्त्रावर ३६ मिलिमीटर जाड ठरतो, तेव्हा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर तो सपाट घासून कडेला तरी पातळ करावा. मागच्या प्रत्येक पंखाच्या कोपऱ्यात एक दातेरी चाक असते. हवेच्या झोताने ते गरगर फिरते आणि क्षेपणास्त्राला स्वतःभोवती गिरक्या घेऊ देत नाही. कोणतीही वीज किंवा यंत्रणा न लावता साधलेली ही युक्ती मला आजवर पाहिलेल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. मुलीला ते चाक जरूर दाखवा. संचात नसेल तर सुईच्या टोकाने गोल कोरले तरी चालेल.

विमानाच्या पोटाखाली इंधनाची टाकी लावायची की तोफेची पेटी, हेही छायाचित्रावरून ठरते, कारण एफएलवर तिथे एका वेळी एकच वस्तू बसत असे. १२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरच्या ४७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधील भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानी एफ-१०४ लढाऊ विमान पाडले ते तोफेने. त्या दिवसाचे विमान करायचे असेल तर टाकी संचातच राहू द्यावी.

रंगाचे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत लॅकर रंगावर पांढरट झाक चढते आणि चकचकीत धातूचा रंग तर हमखास बिघडतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा सर्वांत चांगली. धातूच्या रंगाखाली काळा चकचकीत थर द्यावा. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, लावण्याआधी संपूर्ण विमानावर तकाकीचा पारदर्शक थर द्यावा, नाहीतर डिकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. आपल्या हवाई दलाच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग असतो. काही संचांत केशरी रंग लालसर छापलेला असतो, तसे असल्यास वेगळे डिकल मागवावेत. क्षेपणास्त्रे स्वतंत्र रंगवून सर्वांत शेवटी लावावीत, म्हणजे मास्किंग टेप काढताना त्यांचे पंख तुटत नाहीत.

दिल्लीला जाणे झाले तर पालमच्या हवाई दल संग्रहालयातले मिग-२१ मुलीला जवळून पाहू द्या आणि पंखाखालच्या भागाची छायाचित्रे तिलाच काढू द्या. संच आणल्यावर एखादा भाग कुठे बसतो हे उमगले नाही, तर डब्यावरचे विमानाचे नाव आणि त्या भागाचा क्रमांक इथे लिहा, मी पाहून उत्तर देईन.